तोफेचं चित्र

“मावशे, बारूद आलाय,” आतल्या खोलीतून धैर्यशील ओरडला. “सगळी पलटण घेऊन आलाय. काढ, काढ पटापट.”

मी काढतच होते. डावा पाय प्लास्टरमध्ये, प्लास्टर स्टुलावर, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप, अशी माझी बैठक होती. मंगळवार होता, संध्याकाळचे सव्वासात. पडद्याच्या कडेला चॅटची पट्टी इतकी पळत होती, की एक शिवी वाचून होईपर्यंत पुढच्या दहा येऊन बसत. स्वयंपाकघरात माझी थोरली बहीण, म्हणजे धैर्यशीलची आई, भाकऱ्या थापत होती. तिचा उद्धार करून कोण कुठली पोरं काय काय लिहीत होती, ते तिला दिसत नव्हतं हे बरं.

मी शालन. सतरा वर्षं एसटीत वाहक, कराड आगार. दारुड्याला, फुकट्याला, बायकांच्या सीटवर पाय पसरून झोपेचं सोंग घेणाऱ्याला, सगळ्यांना मी पुरून उरलेय. त्या जानेवारीत ढेबेवाडीच्या गाडीतून उतरताना पायरीवरून घसरले आणि पायाचं हाड मोडलं. बहिणीकडे येऊन पडले. चार दिवसांत मला रिकामपण खायला उठलं, तेव्हा भाच्यानं हे काम गळ्यात मारलं. “मावशी, तू गाडी सांभाळतेस तसं माझं चॅट सांभाळ,” म्हणाला. आता त्याला सहा वर्षं झाली. मी पुन्हा गाडीवर आहे, पण ते दोन महिने विसरता येत नाहीत.

धैर्यशील मोबाइलवर लढाईचा खेळ खेळायचा आणि तो खेळताना हजारो लोक बघत बसायचे. मला आधी ते नवलच वाटलं. मग कळलं, की लोक खेळापेक्षा त्याची बडबड ऐकायला येतात. खेळातल्या त्या परक्या मुलखाला त्यानं आपली नावं देऊन टाकली होती. एक पूल म्हणजे कोयना पूल, एक पडकी वस्ती म्हणजे मसूर, चार रस्ते मिळतात तो उंब्रज फाटा. टेकडीवरच्या उंच मनोऱ्याला काय म्हणायचं यावर दोन दिवस वाद चालला, तेव्हा झोरे म्हणून एकानं लिहिलं, “पवनचक्की म्हणा की.” हा गडी खरोखरच पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्यांची राखण करायचा. वयानं पंचावन्नचा असेल, बाकी सगळी पोरंठोरं, म्हणून तो सगळ्यांचा झोरेमामा झाला. रोज सातच्या ठोक्याला “राम राम मंडळी” लिहायचा, आज वारं कसं आहे ते सांगायचा आणि गप बघत बसायचा. मला तर चॅटमध्ये सगळे कंडक्टर मावशीच म्हणत.

आमच्या चॅनलचं नाव कृष्णाकाठ. बार्शीच्या एका पोराचा चॅनल होता तोफखाना. दोघांचे चाहते म्हणजे उभा दावा. आणि तोफखान्याच्या चाहत्यांत बारूद नावानं लिहिणारा एक होता, तो माणूस नाही, शिव्यांचा कारखाना होता. मी त्याला चारदा काढला होता, तो पाचव्यांदा नवीन खातं काढून हजर.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी दोन्ही चॅनलांची लढत झाली होती. लढतीला पैज असायची. हरेल त्या बाजूच्या चाहत्यांनी आठ दिवस आपल्या नावाशेजारी जिंकणाऱ्याचं चित्र लावायचं. आपण हरलो तर त्यांच्या नावाशेजारी असते ती तोफ, ते हरले तर आमची होडी. रविवारी आम्ही सपाटून हरलो. आणि हरल्याबरोबर आमच्या बाजूच्या शेकडो वीरांना पैज म्हणून काही ठरली होती याचाच विसर पडला. सोमवारी एकाच्याही नावाशेजारी तोफ दिसेना. त्यावरूनच तर तोफखान्याचे चाहते चिडून आले होते. शब्द फिरवलात, म्हणत होते. खरं तर त्यांचं चूक नव्हतं, पण शब्द फिरवला म्हणून कुणाच्या आईपर्यंत जायचं काय कारण होतं?

“मावशे, कमेंट बंदच करू का?” धैर्यशील आतून म्हणाला. खेळात भलताच शूर, पण असं काही झालं की पहिलं दार लावायला धावायचा.

“थांब,” मी म्हटलं. “एक एक कशाला, सगळेच उतरवते.”

त्या ॲपमध्ये एक नामी सोय होती. माणसाला ब्लॉक केलं की त्याला कळतं, मग तो दुसऱ्या नावानं परत येतो. पण लपवलं तर कळत नाही. तो लिहितो, त्याचं लिहिलेलं त्याच्या फोनवर त्याला दिसतं, बाकी जगात कुणालाही दिसत नाही. तो आपला बोंबलत बसतो. मी यादी उघडली, नावाशेजारी तोफ असलेले सगळे निवडले, बोटानं एक खूण केली आणि त्रेसष्ट जण एका दमात लपवले.

पट्टी एकदम शांत झाली. मग आमची पोरं आली. “मावशी जिंदाबाद.” “डबल बेल.” कुणीतरी पाया पडणारी बाहुली पाठवली. धैर्यशीलच्या जिवात जीव आला आणि तो पुन्हा तोंड उघडून बडबडायला लागला. माझी बहीण भाकरीचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, “काय गं, एवढी खूश का?” मी म्हटलं, “त्रेसष्ट जण चालत्या गाडीतनं उतरवले, आणि एकालाही पत्ता नाही.” मला त्याचा मोठा अभिमान वाटला होता. आता तो आठवला की मान खाली जाते.

*

मार्चअखेरीला एका दुपारी मला फोन आला. प्लास्टर निघालं होतं, मी काठी घेऊन अंगणात दहा-दहा पावलं चालायचा सराव करत होते.

“मावशी, मी रुबिना मुलाणी. बार्शीहून.” मुलीचा आवाज, विशीतला. “तोफखान्याचं चॅट मी बघते.”

“बोल,” मी म्हटलं. माझा आवाज काही गोड नव्हता. “पुन्हा कुणाला पाठवायचंय का आमच्याकडं?”

“मावशी, बारूद आमच्याही डोक्याला ताप आहे. मी त्यासाठी नाही फोन केला. तुमचा एक माणूस आमच्याकडे बसलाय.”

“आमचा?”

“झोरे म्हणून आहेत. पवनचक्कीवाले. पहिल्या दिवशी आले ते ‘मी कृष्णाकाठचा आहे, इथं बसलो तर चालेल का’ असं विचारून. आमच्या पोरांनी जी टर उडवली म्हणता. मी काढणारच होते त्यांना, मला वाटलं काहीतरी खोडी असणार. पण ते उलट काही बोलेचनात. रोज येतात आणि बसतात.”

माझ्या लक्षात आलं, की झोरेमामा खरंच बऱ्याच दिवसांत दिसले नव्हते. मध्ये एकदा मी धैर्यशीलला विचारलंही होतं, मामा कुठं गेले रे, म्हणून. तो म्हणाला, “लोक येतात, जातात, मावशी.” मला ते पटलं होतं. गाडीत रोजचा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर आपण काय त्याच्या घरी जातो?

“मग राहू दे की तिकडं,” मी रुबिनाला म्हटलं. “आम्ही काय बांधून ठेवलंय का कुणाला?”

तिनं फोन ठेवला नाही. मग म्हणाली, “मावशी, मी त्यांना विचारलं, तुमचं चॅनल सोडून इथं का बसता? ते म्हणाले, तिकडं मला वाळीत टाकलंय. कशासाठी ते त्यांना माहीत नाही. त्यांच्या नावापुढं अजून तोफ आहे. आमच्यात येऊन लावलेली नाही, आधीचीच आहे.”

मी अंगणातल्या ओट्यावर बसले.

“तुम्ही लपवलेल्यांचा कप्पा उघडून बघा,” ती म्हणाली. “पूर्ण बघा. मी जास्त बोलत नाही.” आणि तिनं फोन ठेवला.

लपवलेल्या माणसाचं लिहिलेलं जगाला दिसत नसलं, तरी एका कप्प्यात ते साठून राहतं आणि चॅट सांभाळणाऱ्याला उघडून वाचता येतं. मी तो कप्पा कधी उघडला नव्हता. शिव्या पुन्हा कशाला वाचायच्या? त्या दुपारी उघडला. बासष्ट जणांनी दोन-चार दिवस शिव्या घालून, कुणी लक्ष देत नाही म्हणून नाद सोडलेला होता. त्रेसष्टावं नाव होतं झोरे पवनचक्की. आमच्या चॅटमध्ये रोज लिहिणाऱ्या चारशे जणांत पैज पाळणारा तो एकटा माणूस, आणि मी त्याच्या नावापुढची तोफ बघितली, नाव बघितलंच नव्हतं.

त्याचं मी सगळं वाचलं. तारखेवार होतं.

पहिल्या दिवशीचं: “राम राम मंडळी. मी पैज पाळली. बाकीच्यांच्या तोफा कुठं गंजल्या?”

दुसऱ्या दिवशीचं: “राम राम. काल चेष्टा केली. कुणाला राग आला का?”

चौथ्या दिवशीचं: “राम राम मंडळी. राग आला असल तर माफी. मी अडाणी माणूस हाय. बोलायचं कळत नाही.”

नवव्या दिवशी: “आठ दिवस झाले. तोफ काढू का? कुणीतरी हो म्हणा.”

मग रोज एक राम राम. मधूनच धैर्यशीलला सूचना, की मसुरातनं बाहेर पडू नका, मागनं दोघं येतायत. ती सूचना बरोबर होती. त्या दिवशी धैर्यशील तिथंच मेला होता, मला आठवत होतं. एकदा लिहिलं होतं, “आज वारं नाही, पाती थांबलीत. इकडं लय शांत हाय.” रोज तो हाक मारत होता आणि रोज आम्ही सगळे त्याच्यासमोर बसून एकमेकांशी हसत-खिदळत होतो. त्याला ते सगळं दिसत होतं.

विसाव्या दिवशी: “आमच्या मंडळीला कराडला दवाखान्यात आणलंय. ताप डोक्यात गेलाय म्हणतात.”

एकविसाव्या: “धैर्यशीलभाऊ, दवाखाना तुमच्या घराच्या मागंच हाय असं कळलं. मी इथं कुणाला वळखत नाही. सातनंतर खाली चहाच्या गाड्यावर असतो. कुणाला सवड असली तर या.”

बाविसाव्या: “मी चहाच्या गाड्यावरच हाय.”

तेविसाव्या: “मंडळी आज पहाटे गेली. चार दिवस येणं होणार नाही. तुमास्नी सांगावं वाटलं.”

त्याच्यापुढं एकच ओळ होती, पाच दिवसांनंतरची. “बरं. कुणी काही बोललं नाही. येतो मंडळी.”

मी लॅपटॉप मिटला. रडू आलं, आणि कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते? मी त्या माणसाला कधी बघितलंही नव्हतं.

*

संध्याकाळी धैर्यशील क्लासवरून आला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो चांगला पोरगा. त्याचा चेहरा उतरला. पण लगेच त्याचं दुसरं मन जागं झालं.

“आत्ताच्या आत्ता यादीतनं काढ त्यांना,” तो म्हणाला.

“काढलं. पण आता ते इकडं येतच नाहीत, तर कुणाला दिसणार?”

“मग तू फोन कर. सांग, ॲपमध्ये बिघाड झाला होता. कुणाचंच दिसत नव्हतं म्हणावं. त्यांना पण बरं वाटेल.”

“आणि तू?”

“मी काय?”

“चारशे जणांसमोर तो एकटा पडला. चारशे जणांसमोर तू बोलायला नको?”

तो खुर्चीत बसला. “मावशी, रविवारी परत लढत आहे. वीस हजार लोक बघतील. अठ्ठ्याण्णव हजार फॉलोअर झालेत, लाखाला दोन हजार कमी. आणि मी उठून सांगू, की जो एकटा शब्दाला जागला, त्यालाच आम्ही हाकलला? बारूद वर्षभर मला सोडणार नाही. रविवार होऊ दे. मग सांगतो.”

मला त्याचा राग आला, पण कीवही आली. बावीस वर्षांचं पोर. रोज संध्याकाळी आपल्या मेलेल्या बापाबद्दल काय काय वाचून खेळायला बसायचं, हसायचं. त्याला पुन्हा त्या पोरांच्या तोंडी द्यायचं म्हणजे मलाही जड होतं. मी त्याच्याशी वाद घातला नाही. लॅपटॉप उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “वाच.”

तो वाचत गेला. एका जागी थांबला.

“दवाखाना म्हणजे हा मागचा?”

“आपल्या गच्चीवरनं दिसतो तो.”

“चहाचा गाडा म्हणजे...” रोज खेळ संपला की तो त्याच गाड्यावर चहा प्यायला जायचा.

मी म्हटलं, “तुझ्या आईनं नाव धैर्यशील ठेवलंय. रविवारपुरतं तरी तसा वाग. पण तुझं तू बघ. मी उद्या वर जाऊन येते.”

“या पायानं? फोन कर ना.”

“माणूस गेलंय त्यांच्या घरातलं. भेटायला फोननं जातात का रे?”

त्यानं रविवारी सांगितलं. लढत सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर, काही न लपवता. तोफखान्याच्या पोरांनी आठवडाभर त्याची साल काढली आणि लाख व्हायला आणखी तीन महिने लागले. पण ते नंतर. मला सांगायचंय ते शुक्रवारचं.

*

पाटणला उतरून मी टॉवेल-टोपी घेतली. आमच्याकडे दुखवट्याला जाताना मोकळ्या हातानं जात नाहीत. बाई गेलेल्या घरात पुरुषाला टॉवेल-टोपी देतात, म्हणजे बाबा, आता उठ, कामाला लाग, आम्ही आहोत. सोयऱ्याधायऱ्यांनी करायची रीत ती. मी कोण लागत होते? तरी घेतली.

वरच्या गाडीचा कंडक्टर माझ्याच बॅचचा निघाला. त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं आणि पाय कसा आहे विचारलं. मी त्याच्याशी बोलत होते, पण मनात वेगळंच चाललं होतं. बिघाडाचं कारण खरं म्हणजे वाईट नव्हतं. त्या माणसाला वाळीत टाकलेलं नव्हतं हे त्याला कळणं महत्त्वाचं, ते कशामुळे हे कळून काय होणार? उलट, मुद्दाम बोट दाबून कुणीतरी आपल्याला घालवलं, हे ऐकून त्याला जास्तच लागेल. घाट चढेपर्यंत मी स्वतःला पुरतं पटवलं होतं.

पठारावर चक्क्यांच्या रांगेखाली चार-पाच घरांची धनगरवस्ती होती. झोरेंचं घर विचारावं लागलं नाही. दारात एक वाळका, उंच माणूस खाकी स्वेटर घालून दोरी वळत बसला होता. मला काठी टेकत येताना बघून तो उठला.

“कुणाकडं आला, ताई?”

“तुमच्याकडंच, मामा. मी शालन. कृष्णाकाठची कंडक्टर मावशी.”

दोरी त्याच्या हातातून खाली पडली. त्यानं घाईघाईनं आत जाऊन घोंगडं आणलं, ओसरीवर अंथरलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी बसले तरी तो उभाच.

“ताई, माझं काय चुकलं हुतं?” त्यानं विचारलं. रागानं नाही. शाळेतल्या पोरानं मास्तरला विचारावं तसं.

माझ्या तोंडात बिघाडाचं कारण तयार होतं. पण या माणसानं चाळीस दिवस स्वतःचंच काहीतरी चुकलं असं धरून बसायचं, आणि मी त्याला यंत्राचं नाव सांगून परत खाली उतरायचं, हे माझ्याच्यानं होईना.

“तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. तोफखान्याच्या पोरांची धाड, ती यादी, त्रेसष्ट जण, माझं एक बोट. “मी तुमचं चित्र बघितलं, मामा. नाव नाही बघितलं. आपल्यातला कुणी पैज पाळेल असं मला वाटलंच नव्हतं. त्या दिवसापासून तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच फक्त दिसत होतं. दुसऱ्या कुणालाही नाही.”

तो हळूहळू खाली बसला. त्याला ते नीट कळलंय की नाही, मला समजेना.

“म्हंजे राम राम बी दिसला न्हाय कुनाला?”

“नाही.”

“आठ दिवस झाल्यावर म्या इचारलं, तोफ काढू का म्हनून. ते?”

“नाही, मामा.”

“दवाखान्याचं?”

“नाही. धैर्यशील रोज त्या गाड्यावर चहा प्यायला यायचा. तुम्ही त्याच्या शेजारी बसला असाल. त्याला माहीत नव्हतं.”

त्यानं पडलेली दोरी उचलून मांडीवर घेतली.

“आन् तिचं?”

“तेही नाही. चारशे जणांत एकालाही कळलं नाही. काल दुपारी मी वाचलं, मी एकटीनं.”

मी मान खाली घालून बसले. आता तो जे काही बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं ठरवूनच आले होते. शिव्या घातल्या असत्या तरी त्या माझ्याच होत्या. पण आवाज आला तो वेगळाच. मी वर बघितलं, तर माणूस रडत होता आणि रडता रडता त्याचं तोंड हसल्यासारखं झालं होतं.

“कळलंच न्हवतं तर,” तो म्हणाला. “तुमास्नी कळलंच न्हवतं.” हे तो चार-पाच वेळा म्हणाला. स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले, पुन्हा म्हणाला.

मग त्यानं चहा टाकला. मला उठू दिलं नाही. चहा देताना तो बार्शीच्या पोरांचं सांगायला लागला. तोफखान्याच्या चॅटमध्ये त्यानं बायकोचं लिहिलं, तेव्हा सगळी पोरं एकदम गप्प झाली. कुणीतरी खेळ थांबवायला लावला. तेराव्याला तिघं जण दोन मोटारसायकलींवर पाऊणशे कोस चालवत वर आले आणि पंगतीत वाढायला लागले.

“त्यातला एक बारीक पोरगा सांगत हुता, तुमच्या मावशीनं मला चारदा काढलंय म्हनून,” झोरे म्हणाला. “लय गुणाचा. जाताना माझ्या पाया पडला.”

“बारूद?”

“त्येचं नाव समाधान. मेडिकलात कामाला हाय.”

ज्याच्या नावानं मी दोन महिने बोटं मोडत होते, तो इथं येऊन वाढून गेला होता. आणि मी, घरची, आज येत होते.

“ती पोरं आली, लय बरं वाटलं,” झोरे म्हणाला. “खोटं कशाला बोलू? पर रात्री पडल्यावर मनात यायचं, परकी आली आन् आपली न्हाय आली.”

मी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली. काठी भिंतीला टेकवून उभी राहिले आणि त्याच्या हातात दिली. “हे कृष्णाकाठच्या सगळ्यांतर्फे,” मी म्हटलं. “उशीर झाला. पण घ्या.”

त्यानं दोन्ही हातांनी घेतली. टोपीची घडी उलगडली नाही, नुसती धरून राहिला.

“मंडळी रोज भांडायची माझ्याशी,” तो म्हणाला. “सात वाजलं की फोन घेऊन बसतो म्हनून. म्हनायची, ‘आपली मानसं, आपली मानसं करता. ती काय मानसं हायत व्हय? फोनातली. उद्या मी मेले तर त्यातलं एक तरी दारात येईल का?’ मी म्हनायचो, येतील, बघ तू. ती म्हनायची, बघू. तिला माती दिली, त्या दिवशी सात वाजता फोन उघडला आन् वाटलं, जाता जाता बी तिचंच खरं करून गेली.”

तो वळला. आत अंधारं होतं, चूल विझलेली, चुलीशेजारी एक पाट तसाच मांडून ठेवलेला. झोरेनं टॉवेल-टोपी छातीशी धरली आणि त्या पाटाकडे बघून, नेहमीच्या बोलण्यातलं काहीतरी सांगावं तशा आवाजात तो म्हणाला,

“ऐकलंस का? आलं बघ मानूस.”